तिन्ही नाण्यांवर तीच खोच

दोन जुनी नाणी अगदी सारखी दिसली की आता मला भीती वाटते. यात घाबरण्यासारखं काय आहे, हे लोकांना कळत नाही. मागच्या हिवाळ्यापर्यंत मलाही कळत नव्हतं.

या अंकाच्या संपादक बाईंनी 'तुझ्या कामाबद्दल लिही' म्हटलं, तेव्हा मी आधी नाही म्हणाले होते. इथे लिहिणारी माणसं जन्मभर नोकरी करून निवृत्त झालेली असतात. मी अजून कॉलेजात शिकते, इतिहासाच्या शेवटच्या वर्षाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेत चांदीचं एक दुकान आहे, तिथे मी दुपारी काम करते आणि संध्याकाळच्या एसटीनं राजुरीला घरी जाते. एवढ्याशा कामाला अनुभव म्हणावं का, अशी मला शंका आहे. पण जे घडलं ते अजून पुरतं संपलेलं नाही, म्हणून लिहिते.

आमचे शेठ चांदीची भांडी, पैंजण, देवाचे टाक विकतात. पण त्यांचा जीव काउंटरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. तिथे ते जुनी नाणी बघतात. बघतात म्हणजे नाणं कुठलं, कधीचं, खरं की खोटं आणि विकलं तर काय येईल हे सांगतात. मी वजन करते, भिंगातून कडा तपासते, दोन्ही बाजूंचे फोटो काढते. सुरुवातीला मला वाटायचं, जुनं म्हणजे महाग. शेठ म्हणाले, "जुना तर डोंगरही आहे. कोण घेतो?"

आमच्याकडे येणाऱ्या माणसांची तऱ्हा निराळीच असते. बरेच जण नाणं घासून आणतात. एकदा ओतूरकडचे एक काका सोन्यासारखी चकाकणारी शिवराई घेऊन आले. शिवराई म्हणजे शिवकाळापासून पेशवाईपर्यंत चाललेला तांब्याचा पैसा. आमच्या भागात नांगरटीत अजून सापडतो. काकांच्या आईनं तो चिंच, राख आणि नारळाची शेंडी लावून घासला होता. शेठनी डोळेच मिटून घेतले.

"पावणं, तो काळेपणा हीच तिची किंमत होती."

"अवो, आईनं देवासारखं घासलं की!"

"तेच तर झालं ना."

दुसरे एक जण तांदूळ ओढणारं नाणं घेऊन आले होते. सोबत पिशवीत मूठभर तांदूळही आणले होते. खरं नाणं जवळ नेलं की तांदूळ त्याच्याकडे सरकतात, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. आम्ही काउंटरवर तांदूळ मांडले, नाणं ठेवलं आणि सगळे वाकून बघत बसलो. एक दाणा हलला नाही. ते गृहस्थ जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "एष्टीत लई हादरे बसले ना. दमलंय त्ये."

नाणं कुठून आलं हेही कुणी खरं सांगत नाही. सगळ्यांची नाणी आजीची असतात. जमिनीत सापडलेलं जुनं धन सरकारला कळवावं लागतं, म्हणून ही सगळी आजीची कृपा. शेठ अक्षरांच्या खाचेत अडकलेली ओली माती दाखवून विचारतात, "आजी कालच गेल्या वाटतं?"

असं हसत-खेळत चाललेलं काम होतं. मला ते आवडायचं, अजूनही आवडतं.

पुढचं समजायला एक गोष्ट सांगावी लागेल. जुनं नाणं हातानं पाडलेलं असायचं. धातूची चकती खाली, वर अक्षरं कोरलेला ठसा, आणि त्यावर हातोड्याचा घाव. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे सगळी अक्षरं कधीच मावायची नाहीत. एका शिवराईवर 'राजा' पूर्ण येतो आणि 'शिव' अर्धा तुटतो, दुसरीवर 'श्री' कडेवरून पार बाहेर गेलेली असते. म्हणून एकाच दिवशी एकाच हातानं पाडलेली दोन नाणीही सारखी नसतात. त्यात पुढे प्रत्येक नाण्याचा प्रवास वेगळा. कुणी घासतं, कुणी दगडावर आपटतं, कुणाच्या कडेला खोच पडते. खोच म्हणजे नाण्याच्या अंगावरची जखम. शेठ म्हणायचे, "तोंडं सारखी असतील एक वेळ, जखमा सारख्या नसतात."

हे वाक्य मी तेव्हा फक्त ऐकलं होतं.

मागच्या वर्षी डोंगरातली भाताची झोडणी उरकली, त्या सुमाराला बुधाजीमामा दुकानात आले. आंबेगाव तालुक्यात पार पश्चिमेला, धरणाच्या पाण्यापलीकडे त्यांचं गाव. काउंटरसमोरच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. कमरेच्या चंचीतून सुपारी, तंबाखू, चुन्याची डबी असं सगळं काढून झाल्यावर शेवटी एक नाणं काढलं.

"खरं हाय का, तेवढं सांगा," ते म्हणाले. "इकायचं न्हाई."

असं नाणं मी कधी पाहिलं नव्हतं. रुपयाएवढं, पण जाड. काळपट हिरवं. एका बाजूला माणसाची दोन पावलं, बोटांसकट, शेजारी शेजारी. दुसऱ्या बाजूला अक्षरांसारखं काहीतरी, पण कुठल्याच लिपीत न बसणारं. उजव्या पावलाच्या अंगठ्याजवळ कडेला एक तिरपी खोच होती.

शेठनी बराच वेळ ते फिरवून फिरवून बघितलं. टिचकी मारली. आवाज बद्द आला. मग मला म्हणाले, "ओतीव आहे." म्हणजे घाव घालून पाडलेलं नाही, साच्यात रस ओतून केलेलं. खोटी नाणी बहुतेक अशीच करतात. पण फार प्राचीन काळी काही खरी नाणीही ओतून करत, त्यामुळे तेवढ्यावरून निकाल देता येत नाही.

"मामा, असलं नाणं मी आजपर्यंत पाहिलेलं नाही," शेठ म्हणाले. "खरं आहे असं सांगणार नाही. खोटं आहे असंही म्हणणार नाही. चार दिवस ठेवून जा, पुण्यातल्या जाणकाराला दाखवतो."

"ठिवता येनार न्हाई. पुसाच्या आमुशाला लागतंय."

"कशाला?"

"तसंच," मामा म्हणाले आणि नाणं परत चंचीत घालायला लागले. मग मनातला आनंद आवरला नाही म्हणून असेल, माझ्याकडे बघून बोलले, "पोर पायाळू हाय ना घरात. तिच्यामुळं गावलं."

मी पटकन म्हणाले, "मामा, मीपण पायाळू आहे."

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. बाळ जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले, तर त्याला पायाळू म्हणतात. आमच्याकडे अशा माणसाला फार मान असतो. कुणाच्या कमरेत उसण भरली की पायाळू माणसानं तिथे पाय लावायचा, म्हणजे उसण उतरते असं मानतात. लहानपणापासून मी गावातल्या किती माणसांच्या कमरेला पाय लावला असेल! परीक्षेच्या सकाळीसुद्धा कुणीतरी दारात वाकून उभं असायचं. वीज कडाडली की आजी मला घरात ओढायची, कारण पायाळू माणसावर वीज पडते म्हणे. आणि पायाळूला जमिनीतलं धन दिसतं, असंही म्हणतात. मला तर हरवलेली चप्पलसुद्धा दिसत नाही.

मामांनी माझ्या पायांकडे कौतुकानं बघितलं. "लई भाग्याची गं तू," म्हणाले आणि गेले. फोटो मात्र मी काढून ठेवले होते.

पंधरवडा गेला असेल. पारगावहून एक बाई आल्या. तिकडे कारखान्याची तोडणी जोरात होती. उसाचं पाचट गोळा करताना सापडलं म्हणून त्यांनी पदराची गाठ सोडली, आणि माझ्या हातावर तीच दोन पावलं ठेवली.

मी जवळजवळ ओरडलेच. मला काय वाटलं ते सांगायला आता लाज वाटते, पण सांगते. मला वाटलं, हा कुणीतरी इतिहासाला माहीत नसलेला राजा आहे. नाणेघाटाच्या वाटेवरचा आमचा मुलूख, दोन हजार वर्षांची बाजारपेठ. इथे काहीही सापडू शकतं. कॉलेजात सरांना दाखवायचं, निबंध लिहायचा, माझं नाव छापून येईल, इथपर्यंत मी मनानं पोचले.

"ठिवून घ्या, पन आमच्या सासऱ्यांना कळू देऊ नका," बाई म्हणाल्या. "पोराच्याच पायाला लागलं बघा. पोरगं पायाळू हाय माजं."

पायाळू हा शब्द मी पुन्हा ऐकला, आणि मला फक्त गंमत वाटली.

बाई गेल्यावर मी मोबाईलवर बुधाजीमामांच्या नाण्याचा फोटो उघडून तो या नाण्याशेजारी ठेवला आणि शेठना हाक मारली. ते आले, चष्मा कपाळावर सरकवून वाकले. मी त्यांच्या तोंडाकडे आनंदानं बघत होते. ते तोंड हळूहळू उतरत गेलं.

"अंगठा बघ," ते म्हणाले.

उजव्या पावलाचा अंगठा. कडेला तिरपी खोच. फोटोत होती, हातातल्या नाण्यावरही होती. त्याच जागी, तेवढीच, तशीच. मी भिंग घेतलं. पावलाच्या टाचेवर केसासारखा एक ओरखडा होता. फोटो मोठा करून बघितला. तोही होता.

"आधी कुणीतरी एक नमुना केला," शेठ सावकाश म्हणाले. "त्याला कुठंतरी मार लागला. मग त्या जखमी नमुन्यावरून साचा घेतला. आता त्यातून निघेल ते प्रत्येक पिल्लू जखम घेऊनच जन्मणार."

माझा अज्ञात राजा तिथेच मेला. पण शेठ अजून नाण्याकडेच बघत होते.

"एक कळत नाही. खोटं नाणं माणूस विकण्यासाठी करतो. हे कुणी विकायला आणलंच नाही. हे लोकांना फुकट सापडतंय. खोटं नाणं शेतात कोण पुरेल? आणि कशाला?"

बुधाजीमामांनी फोन नंबर दिला होता. तो लागत नव्हता. डोंगरात रेंज नसते, म्हणून मीही फार जोर केला नाही. खोटं नाणं जवळ आहे, यात त्यांचं काय बिघडणार असं वाटलं.

पौषातली अमावस्या दोन दिवसांवर आली असताना, कॉलेजला सुट्टी म्हणून मी सकाळीच दुकानात होते, तेव्हा दारात माझे आप्पा उभे राहिले. आप्पा दुकानात कधी येत नाहीत. धुतलेला सदरा घातला होता. शेठना रामराम केला, आणि लग्नाचा बस्ता काढावा तसा रुमाल उलगडला.

"ताई, वळख बरं हे काय हाय?" आप्पा मला ताईच म्हणतात. "तुज्या शेठला बी दाखव. आपल्या कांद्याच्या वावरात गावलं. हिरीच्या कडंला."

दोन पावलं. अंगठ्याजवळ खोच.

मला वाटतं मी खाली बसले. शेठनी स्टूल पुढे सरकवलं असावं. आप्पा हसत होते. त्यांना वाटलं, मला आनंदानं घेरी आली.

"आप्पा, हे तिथं आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगतंय?" म्हणाले. मग जरा घुटमळले. "आगं तो पावना आलता न्हाई का, मळ्यात? कंबर धरून? तुज्याकडनं उसण उतरवून घेतली त्यानं. जाताना म्हनला, दादा, तुमच्या हिरीकडं कायतरी जुनं हाय, मला वास येतोय. म्या हसण्यावारी न्हेलं. तर परवा हे गावलं. खरा मानूस निगाला, ताई."

तो पाहुणा मला आठवला. पांढरी टोपी, स्वच्छ धोतर, साठीचा, शाळामास्तरासारखा गरीब चेहरा. दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो मळ्यात आला. कमरेत उसण भरली आहे, गावात पायाळू कोण आहे असं वेशीत विचारलं, लोकांनी आमचं घर दाखवलं, म्हणाला. आईनं घोंगडी टाकली. तो पालथा पडला. मी पाय लावला. त्यानं "बरं वाटलं गं पोरी" म्हणून माझ्या पायांना हात लावला होता. मोठं माणूस पाया पडतंय म्हणून मी संकोचले होते.

तो माझी पावलं बघत होता, हे मला दुकानातल्या त्या स्टुलावर बसून कळलं.

राजुरी, पारगाव, डोंगरातलं ते गाव. तिन्ही घरांत पायाळू. कोणाच्या घरात पायाळू आहे हे परक्या माणसानं विचारलं, तर कोण सांगणार? पण कंबर धरून विचारलं, तर सगळं गाव बोट दाखवतं. वर चहा पाजतं.

"पुढं काय करायचं म्हणालाय तो?" शेठनी विचारलं.

आप्पा माझी नजर चुकवायला लागले. "काल परत येऊन गेला त्यो. आमुशाला एका ठिकानी त्येचं काम हाय. त्ये झालं की आपल्याकडं येनार. घरातलं सोनं तिथं मांडायचं, म्हंजी खालचं धन वर येतं. आन् ताईनं फकस्त बसायचं. दुसरं काय न्हाई."

"मी? कुठं बसायचं, आप्पा?"

"आगं फकस्त बसायचं. तुला पुण्याला शिकाया ठिवता येईल, असं आलं मनात."

ज्या माणसानं भावकीची बोलणी खाऊन मला कॉलेजात घातलं, तो माणूस हे बोलत होता. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मला राग आला नाही. काहीच आलं नाही.

मग एकदम बुधाजीमामांचा शब्द आठवला. पुसाच्या आमुशाला लागतंय. आप्पा म्हणाले ते 'एका ठिकानी' म्हणजे तेच ठिकाण.

मी पुन्हा फोन लावला. लागला नाही.

शेठनी पारगावच्या बाईंचं नाणं माझ्या हातात दिलं. "नुसतं सांगून ऐकणार नाहीत. तीन शेजारी शेजारी ठेवून दाखव," म्हणाले. "आणि मी घोडेगावला पोलिसांना फोन करतो." मग जरा थांबून म्हणाले, "त्या दिवशी मी खोटं म्हणणार नाही, असं बोललो होतो ना गं?"

आप्पांना सगळं सांगितलं, तर त्यांनी लगेच मोटरसायकल काढली. घोडेगाव मागे पडलं, मग धरणाचं पाणी, मग चढाचा रस्ता. मी मागे बसून मुठीतली दोन नाणी दाबत होते. खोच तळव्याला टोचत होती.

बुधाजीमामांचं घर गावाच्या टोकाला होतं. अंगणात नाचणी वाळत घातलेली. भर दुपार होती. पायरीवर एक मुलगी बसली होती, आठवीतली असेल. नवंकोरं पिवळं परकर-पोलकं घातलेलं. ओठ सुकलेले. डोंगरातली या वयाची मुलं आश्रमशाळेत राहतात, मग ही घरी कशी, हा पहिला प्रश्न माझ्या मनात आला. तिचं नाव रेणुका.

"बरं नाही का गं तुला?" मी विचारलं.

"मीठ बंद केलंय," ती म्हणाली. "नुसतं दूध देत्यात."

बुधाजीमामा गोठ्याकडून आले. मला ओळखून खुश झाले. "आगं तू! जुन्नरची! तुमच्या शेठनं खोटं न्हाई म्हनलं, तवाच माजा इस्वास बसला."

आप्पाच पुढे झाले. "पावणं, कामाची तयारी झाली का?" त्यांनी विचारलं, जसं काही ते बघायलाच आले होते.

"झालीच. वावरात खड्डा तेवढा काढून ठिवलाय."

"केवढा?"

"पोर हुबी ऱ्हाईल एवढा. म्हाराजांनी सुतळीनं माप घेतलं ना पोरीचं, पायापासून डोस्क्यापातुर. म्हनले, त्याच मापाचा पायजे."

अंगणात ऊन होतं, पाखरं नाचणी टिपत होती, आणि हा माणूस हे सगळं लग्नाच्या मांडवाबद्दल बोलावं तसं सांगत होता. त्याच्या आवाजात कपट नव्हतं. पोरीवर त्याचा जीव होता, हे त्याच्या हाताकडे बघून कळत होतं. बोलताना तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत होता. आप्पांनी माझं मनगट धरलं.

"मामा, तुमचं नाणं आणा," मी म्हणाले.

त्यांनी चंचीतून काढलं. मी माझ्याजवळची दोन पायरीवर ठेवली आणि त्यांचं तिसरं मध्ये ठेवलं. मला समजावून सांगायचं होतं, ठसा, साचा, सगळं. तेवढ्यात रेणुका खाली वाकली. एकेका नाण्यावर बोट ठेवत म्हणाली, "आबा, समद्यांना हितंच लागलंय."

"काय?"

"आंगठ्याला. ह्ये बगा. हितं, हितं आन् हितं."

मामा खाली बसले. नाणी उचलली, डोळ्यांजवळ नेली, खाली ठेवली, जागा बदलून पुन्हा उचलली. ते असं किती वेळ करत होते कोण जाणे. मग एकदम घराच्या दाराकडे बघून हाक मारली, "म्हाराज! वाईच भाईर या."

तो आत आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. तो जेवण करून हात पुसत बाहेर आला. तीच टोपी, तेच धोतर. कंबर ताठ. मला बघून त्याचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. उलट हसला.

"ही राजुरीची लेक. हिच्या पायानं लई आराम पडला व्हता."

बुधाजीमामांनी तिन्ही नाणी हातात घोळवली आणि तळहात पुढे केला. "म्हाराज, तुमी म्हनलं व्हतं, हे नानं तुमच्याशी बोलतं. मग ह्यातलं माजं कंचं, तेवढं सांगा."

त्यानं तळहाताकडे बघितलं. मग आमच्याकडे, मग वाटेकडे. हसू तसंच होतं, फक्त त्याच्यामागचा माणूस गेला होता. त्याला सांगता आलं नाही. कुणालाच सांगता आलं नसतं.

"माजं कंचं?" मामांनी परत विचारलं. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "आन् खड्डा कशाला रं पोरीच्या मापाचा?"

तो पळाला नाही. पळेल असं वाटून आप्पा वाटेत आडवे उभे राहिले, शेजारची पोरं धावत आली, पण तो पायरीवर बसून राहिला, पाण्याचा तांब्या मागितला आणि पोलीस येईपर्यंत एकाच मुद्रेनं बसला. कुणी त्याला मारलं नाही. सगळे त्याच्यापासून लांब उभे होते, जसं काही त्याचं वारं लागेल. रेणुका आत गेली आणि मूठ भरून बाहेर आली. बघितलं तर तळहातावर मीठ होतं. ती ते चाटत होती.

खड्ड्याचं तो काय करणार होता, ते त्यानं पोलिसांना सांगितलं नाही. 'धन वर यायची वाट' एवढंच म्हणाला. मीही त्यावर जास्त विचार करत नाही. करायला गेले की ते पिवळं परकर-पोलकं दिसतं.

परत येताना आप्पांनी उतारावर गाडी बाजूला लावली. म्हणाले, "ताई, म्या माप घिऊ दिलं नसतं."

मी "हो" म्हणाले. अजूनही घरात कधी कधी ते हेच मध्येच म्हणतात, आणि मी होच म्हणते.

पारगावच्या बाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. रेणुका शाळेत परत गेली. शेठनी ते 'खोटं आहे असंही म्हणणार नाही' वाक्य कायमचं टाकून दिलं. आता ठाऊक नसेल तर ते सरळ ठाऊक नाही म्हणतात, आणि लोक नाराज होऊन जातात. मी अजून तिथेच काम करते. गावात अजून कुणी उसण घेऊन येतं. ओळखीचं असेल तर पाय लावते, पण आधी तोंड नीट बघते.

हे सगळं लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. त्या माणसाच्या पिशवीत मातीचा साचा निघाला आणि फडक्यात बांधलेली आणखी काही नाणी. पोलिसांनी विचारलं, बाकीची कुठं आहेत? तर तो म्हणाला, "पेरलीत." कुठल्या गावात, ते सांगितलं नाही. जुन्नर आणि आंबेगावातल्या कुठल्या कुठल्या बांधावर ती अजून पडून असतील. नांगराला लागतील, खुरप्याला लागतील, कुणाच्या पायाला लागतील. तो नाही आला, तरी त्याच्यासारखा दुसरा कोणी येईल.

म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. तुम्हाला असं पावलांचं नाणं सापडलं, तर ते कुठल्या राजाचं आहे याचा विचार करत बसू नका. अंगठ्याजवळ खोच आहे का ते बघा. आणि घरात कुणी पायाळू असेल, तर आठवून पाहा, मधल्या काळात तुमच्या दारात कंबर धरून कोण आलं होतं.